मावशी आणि होडीवाली

माझी मावशी बसस्थानकावर घोषणा करते. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, कुठली उशिरा येणार, कुणाची विसरलेली पिशवी चौकशीच्या खिडकीशी आणून ठेवली आहे, हे गावाला तिच्या तोंडून कळतं. तिचा आवाज पातळ आहे, जरा वरच्या पट्टीतला, आणि शब्द इतके सुटे की गर्दीतल्या शेवटच्या माणसालाही आपली गाडी कळावी. त्या आवाजावर आजवर किती माणसं बाकावरून उठून चालू लागली असतील. घरात मात्र हाक मारली तरी एक माणूस हलत नाही, असं ती म्हणायची.

तो एक माणूस म्हणजे काका, तिचा नवरा. काका लिफ्ट दुरुस्त करतात. मोठ्या इमारतींच्या पोटात जो उभा अंधारा बोगदा असतो, त्याच्या तळाशी थांबून ते वरखाली होणाऱ्या लिफ्टचा आवाज ऐकतात आणि कुठलं चाक कोरडं पडलंय, दोर कुठे घासतोय ते सांगतात. दिवसभर असे कान टवकारून उभं राहणाऱ्या माणसाला घरी आल्यावर शांतता हवी असेल असं कुणालाही वाटेल. काकांना शांतता नको असायची. त्यांना निराळे आवाज हवे असायचे.

एम. ए. करताना मी त्यांच्याकडे राहत होते, म्हणून हे सगळं जवळून पाहिलं. बाहेरच्या खोलीत खिडकीलगत काकांचं टेबल होतं. त्यावर संगणक, दोन लहान स्पीकर, एक हेडफोन, आणि जुन्या व्हिडिओ गेमच्या डिस्कची चळत. या डिस्क ते जुन्या बाजारातून आणायचे, पण खेळताना मी त्यांना कधीच पाहिलं नाही. ते त्या गेममधले आवाज बाहेर काढायचे.

हा काय उद्योग आहे, ते त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं. खेळताना आपल्याला सगळं एकजीव ऐकू येतं, पण डिस्कवर प्रत्येक आवाज वेगळा ठेवलेला असतो. संगीत एकीकडे, पावलं दुसरीकडे, दाराची करकर आणखी कुठे. बनवणाऱ्यांनी ते आपल्या सोयीनं घट्ट गुंडाळून ठेवलेलं असतं, वर नाव नाही, गाव नाही. ते उलगडायचं, वाजवून पाहायचं, त्याला नाव द्यायचं, आणि मग आपल्यासारख्याच वेड्यांच्या एका गटात सगळ्यांना ऐकायला ठेवायचं. या गटातली माणसं कुठकुठली होती आणि कुणी कुणाला पाहिलेलं नव्हतं.

संगीताबद्दल मावशीची काही तक्रार नव्हती. कुठल्याशा बर्फाच्या गुहेतली एक धून तर तिला इतकी आवडली होती की भाजी चिरताना ती तीच गुणगुणायची. त्या गुहेत मूळ गेममध्ये एकमेकांची डोकी उडवतात असं मी सांगितलं, तेव्हा ती म्हणाली की डोकी काढून टाकली ते यांनी बरं केलं, नाहीतरी सुरात ती आडवीच आली असती.

मग ती डिस्क आली. वेष्टनावर पाण्यात बुडालेलं शहर होतं, नुसती छपरं वर आलेली, आणि एका होडीत वल्हं धरून उभी असलेली पाठमोरी बाई. डिस्कवर चरे पडले होते. गेम सुरू व्हायचा आणि पहिल्या चित्रावरच अडायचा. पण आतल्या फाइल उतरवून घेता आल्या. गटातल्या कुणीही हा गेम खेळलेला नव्हता, त्यामुळे काकांचा आनंद गगनात मावेना.

रविवारची दुपार होती. मावशी कामावरच्या कपड्यांना इस्त्री करत होती आणि मी तिथेच वाचत बसले होते. टेबलावरून अचानक एक बाई बोलली. आवाज खर्जातला आणि संथ. शब्द संपला तरी श्वास जरा वेळ रेंगाळायचा, दिवा मालवल्यावर वात लाल राहावी तसा. भाषा आम्हा तिघांपैकी कुणालाच येत नव्हती.

मावशीची इस्त्री हातातच राहिली. "कोण ही?"

"गेममधली आहे. होडीवाली."

"झोपेतून उठून आली वाटतं."

काका हसले नाहीत. त्यांनी तिला पुन्हा एकदा ऐकून बघ म्हटलं आणि तोच तुकडा परत लावला. मावशीनं इस्त्रीचं बटण बंद केलं आणि न झालेले कपडे तसेच घडी घालून आत नेले.

त्यानंतर होडीवाली आमच्या घरात राहायलाच आली. तिचे नुसते शब्द नव्हते. हसणं वेगळं, उसासा वेगळा, "हं" म्हणणं वेगळं, दचकणं वेगळं, असे शेकडो बारीक तुकडे होते, आणि प्रत्येकाची सुरुवात-शेवट नीट कापायला काका तो पुन्हा पुन्हा वाजवायचे. कुणी विनोद केलेला नसताना कोपऱ्यातून बाई हसायची. मावशी कुकरची शिटी मोजत असली की बाई उसासा टाकायची. हेडफोन लावा म्हटलं तर काका लावायचे, पण मग ते आणि ती असे दोघंच उरायचे, आणि ते मावशीला जास्त लागायचं. त्यापेक्षा स्पीकरवरच राहू दे म्हणायची, निदान काय चाललंय ते मला कळेल.

तिनं माझ्या आईला, म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीला, फोन करून गाऱ्हाणं सांगितलं. आईनं मनमुराद हसून घेतलं. म्हणाली, घरात राहते पण ताट मांडावं लागत नाही, अशी सवत शोधून मिळायची नाही. मावशीनं फोन ठेवला आणि मला म्हणाली, "तुझ्या आईला कळणार नाही. तुझे बाबा घोरतात, ऐकत नाहीत."

तिला काय डाचत होतं ते मला हळूहळू कळलं. तो होडीवालीचा आवाज नव्हताच, काकांचा चेहरा होता. तो तुकडा वाजताना ते डोळे मिटायचे, मान किंचित डावीकडे झुकायची, आणि कपाळावरची लिफ्टच्या ग्रीसनं कायमची काळी झालेली आठी पुसून जायची. मावशीनं तो चेहरा फार वर्षांपूर्वी पाहिला होता. तिला नवीन नोकरी लागली तेव्हा ती रोज संध्याकाळी घरात घोषणांचा सराव करायची, आणि काका समोर बसून, असेच डोळे मिटून, ती कुठे श्वास घेते, कुठला शब्द गिळते ते सांगायचे. मग तिचं सगळं नीट बसलं. काही चुकेनासं झालं, आणि काकांनी ऐकणं सोडलं. दुरुस्त झालेल्या लिफ्टखाली कोण उभं राहतं?

होडीवाली नेमकं काय बोलते हे तिनं एकदा विचारलंच. गटातल्या एकाला ती भाषा येत होती आणि त्यानं अर्थ कळवला होता. काका सांगायला जरा घुटमळले. कुठली होडी कुठल्या धक्क्याला लागली आहे, कुठली कधी सुटणार, एवढंच ती सांगत असते म्हणाले.

मावशीनं टेबलावरचं वेष्टन उचलून त्या पाठमोऱ्या बाईकडे पाहिलं. "म्हणजे माझंच काम करते की."

"तसं पाहिलं तर हो."

"तिच्या होड्या बुडालेल्या गावाला जातात. माझ्या गाड्यांत खरी माणसं बसतात." एवढं बोलून ती आत गेली. भांडी त्या दिवशी नेहमीपेक्षा जोरात घासली गेली.

पुढचे काही दिवस मावशीच्या बोलण्यात काहीतरी बिघडलं. ती सावकाश बोलू लागली, खाली उतरून, शब्दाच्या शेवटी थोडी हवा सोडून. "अहो... जेवायला... या." मला काय चाललंय ते कळत होतं, म्हणून मी पुस्तकात डोकं खुपसलं. काकांना मात्र काळजी वाटली. घसा बसलाय म्हणाले, धुळीत दिवसभर बोलतेस, दुसरं काय होणार. त्यांनी स्वतः पाणी गरम केलं, त्यात मीठ टाकलं आणि तांब्या तिच्या हातात दिला. खरं सांगायची तिची तयारी नव्हती. ती मोरीत उभी राहून गुळण्या करत राहिली आणि काका बाहेरून अजून एकदा, अजून एकदा, असं सांगत राहिले. स्थानकावरही तिनं तो सूर लावून पाहिला होता. तिथला वाहतूक नियंत्रक केबिनच्या दारात येऊन म्हणाला होता, "बाई, गाडी कोपऱ्यावर वळली. तुमचं अजून 'मार्गे'च चाललंय." त्यानंतर तिनं तो नाद सोडला.

आणि मग, तिनं काही न करता, होडीवालीचं बिंग फुटलं.

गटात एक जण होता, त्याला सगळे पेन्शनर म्हणायचे. त्याला त्याच गेमची चरे न पडलेली डिस्क मिळाली. त्यानं गेम खेळून पाहिला आणि काकांना लिहिलं की तुमची बाई आणि गेममधली बाई यांचा मेळ बसत नाही, तुम्ही तिला हळू वाजवताय. झालं होतं असं, की ध्वनीच्या फाइलवर ती कुठल्या वेगानं वाजवायची ते लिहिलेलं असावं लागतं. या फाइलवर ते नव्हतं. मग कानानं अंदाज घ्यायचा. काकांनी संगीताचा वेग बरोबर ओळखला आणि बोलण्यालाही तोच लावला. पण बोलणं वेगळ्या, जास्त वेगानं साठवलेलं होतं. वेग कमी पडला की नुसती गती मंदावत नाही, आवाजही खाली उतरतो, जड होतो. या छंदातल्या माणसाच्याच हातून होईल अशी चूक. मूळ गेम कुणी ऐकलेला असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

काकांनी आमच्यासमोर वेग दुरुस्त केला आणि तुकडा लावला. एक पातळ, चटपटीत, वरच्या पट्टीतली बाई भराभर काहीतरी सांगून मोकळी झाली. खर्ज गेला, रेंगाळणारा श्वास गेला. कामात असलेली बाई, तिला पुढची होडी सांगायची होती.

मावशीनं भाजी ढवळायचा चमचा तसाच हातात धरून ते ऐकलं. "ही तर माझ्यासारखी आहे हो," ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर इतकं उघडं समाधान पसरलं की काकांनाही हसू आलं. त्या संध्याकाळी बर्फाच्या गुहेची धून घरात बऱ्याच दिवसांनी ऐकू आली.

काकांनी दुरुस्त केलेले तुकडे गटात पाठवले, झाल्या चुकीबद्दल माफी मागितली. प्रकरण मिटलं असं आम्ही समजलो. आठवडाभरानं टेबल पुसताना मावशीनं खाली लोंबणारा हेडफोन उचलला. काका नुकतेच दाराशी कुणाशी तरी बोलायला उठले होते. हेडफोनमधून काहीतरी येत होतं. तिनं तो कानाला लावला.

काका परत आले तेव्हा ती तशीच उभी होती. "ही अजून इथेच?"

"चुकीचं आहे ते," काका म्हणाले. "जुनं आहे."

"मग कशाला ठेवलंय?"

काकांना खोटं बोलता येत नाही. लिफ्टवाल्याला ते परवडत नाही. "बरं वाटतं ऐकायला," ते म्हणाले.

मावशीनं हेडफोन जपून टेबलावर ठेवला. तिचं दुखणं त्या क्षणी किती मोठं झालं, ते मला दिसलं. खरी होडीवाली साधी बाई निघाली होती, कुठल्या तरी देशात एका बंद खोलीत माइकसमोर उभी राहून घोषणा वाचून घरी गेलेली. तिच्याशी बरोबरी होऊ शकत होती. पण ही हळू बोलणारी बाई जगात कुठेच नव्हती. ती एका चुकीतून जन्मली होती, आणि ती चूक आहे हे कळल्यावरही काकांना ती हवी होती. जी बाई नाहीच, तिच्याहून सरस कसं व्हायचं?

दोन दिवस ती टेबलाकडे फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी चहाचे कप घेऊन टेबलाशी येऊन बसली आणि म्हणाली, "माझा आवाज घ्या. आणि तिच्यासारखा हळू करा."

काकांना ते गमतीचं वाटलं. त्यांनी लगेच माइक जोडला. काय बोलू, असं तिनं विचारलं, तर ते म्हणाले काहीही बोल. मावशी म्हणाली, "उद्या दूध येणार नाही. येताना आठवणीनं दूध घेऊन या." काकांनी वेग कमी केला, आणि आम्ही ऐकलं.

मला ते अजून आठवतं. मावशीचाच आवाज होता, पण जिना उतरून खाली अंधारात गेलेला. दूध हा शब्द इतका लांब आणि मऊ झाला होता की त्यात कुणीतरी वाट पाहत बसलंय असं वाटावं. काकांनी डोळे मिटले, मान डावीकडे कलली. त्यांनी ते परत लावलं. पहिल्यांदा मावशी लाजली, अगदी मुलीसारखी. दुसऱ्यांदा तिनं काकांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. तिसऱ्यांदा ते लावलं तेव्हा तिचं हसू गेलं होतं आणि कप तिनं उचलून नेले होते.

काका पुढे रोज तेच ऐकू लागले. कामावरून आले, हात धुतले, की आधी 'उद्या दूध येणार नाही' लावायचं. मावशी आतून खऱ्या आवाजात हाक मारायची, एकदा, दोनदा. काकांच्या कानात मावशीच बोलत असायची, त्यामुळे त्यांना मावशी ऐकू यायची नाही. शेवटी काकांच्या एका सुट्टीच्या दिवशी ती बाहेर आली आणि तिनं त्यांच्या कानावरचा हेडफोन काढून घेतला.

"अगं, तूच आहेस ती," काका कळवळून म्हणाले. "तुझाच आवाज आहे. आता कुणाचा राग करतेस?"

"मीच आहे ना? मग चहाही तिलाच करायला सांगा."

ती कपडे बदलून दुपारच्या पाळीला निघून गेली. काका कितीतरी वेळ टेबलाशी बसून होते, आवाज बंद होता. मग उठून त्यांनी कपाटातून आवाज टिपायचं छोटं यंत्र काढलं, खिशात घातलं आणि मला म्हणाले, "चल, येतेस? स्थानकावर जाऊन येऊ." मी निमूट चपला घातल्या.

बसस्थानक नेहमीसारखं गजबजलेलं होतं. डिझेलचा वास, ओल्या फरशीवर उमटलेले बुटांचे ठसे, बाकांवर मांडी घालून बसलेली माणसं. मधोमध काचेची केबिन आणि तिच्यात माइकसमोर मावशी. कर्ण्यातून तिचा आवाज येत होता, पातळ आणि सरळ. घोषणा नेहमी दोनदा करायची असा तिथला नियम आहे. पहिल्यांदा लोक मान वर करतात, दुसऱ्यांदा ऐकतात. काका केबिनसमोरच्या बाकावर बसले. किती वर्षांनी आले होते कुणास ठाऊक. त्यांनी डोळे मिटले. मावशीनं काचेतून ते पाहिलं असणार, कारण पुढच्या घोषणेत ती एका शब्दावर किंचित अडखळली, तिच्या बाबतीत कधी न घडणारी गोष्ट.

तिची मधल्या सुट्टीची वेळ झाली तशी दुसरी घोषणावाली आत गेली आणि मावशी बाहेर आली. चेहरा फुललेला होता. मग तिला काकांच्या मांडीवरचं यंत्र दिसलं आणि त्यावरचा पेटलेला लाल ठिपका.

"बंद करा ते."

"तुझा खरा आवाज घेतोय," काका म्हणाले. "जसा आहे तसा. हळू करणार नाही, शपथ."

"घेऊन काय करणार?"

"ऐकणार."

"कुठे?"

"घरी."

"घरी मी असते," मावशी म्हणाली.

काकांचा अंगठा यंत्रावर तसाच राहिला. समोरून एक गाडी मागे येत होती आणि वाहकाची शिट्टी वाजत होती. शिट्टी थांबली. मग काकांनी बटण दाबलं, ठिपका विझला, आणि यंत्र त्यांनी माझ्याकडे दिलं.

मावशी त्यांच्या शेजारी बसली. हळू नाही, खर्जात नाही, गाडी सांगावी तशा आवाजात म्हणाली, "दिवसभर सगळं दोनदा सांगते मी. तुम्हाला एकदाच सांगणार आहे. मी हाक मारली की वळून बघायचं. तेवढंच हवंय मला. त्या बाईपाशी तुम्ही डोळे मिटून बसता, माझ्यापाशी उघडे ठेवून बसा."

काकांना ते ऐकू आलं. गर्दीमुळे ते तिच्याकडे इतके वाकले होते की त्यांचं डोकं जवळजवळ तिच्या खांद्याला लागलं होतं. त्यांनी नुसती मान हलवली. परत सांग म्हणाले नाहीत.

तेवढ्यात कर्णा बोलू लागला. केबिनमधली दुसरी घोषणावाली नवी होती, वयानं लहान, आणि तिचा आवाज भरदार होता, चांगला खालच्या पट्टीतला. पहिलाच शब्द स्थानकभर घुमला तशी मावशीनं पटकन मान वळवून काकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

काकांनी दोन्ही हात उचलून आपल्या कानांवर घट्ट धरले, डोळे मात्र मावशीवर उघडे. शेजारचा प्रवासी चमकून त्यांच्याकडे बघायला लागला. मावशी हसली नाही. पण घोषणा दुसऱ्यांदा होऊन संपेपर्यंत तिनं त्यांना ते हात काढायलाही सांगितलं नाही.